कोल्हापुरात बसून ऑस्ट्रेलियाचं एनडीआयएस बिलिंग : नवीन येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

बीकॉम झालंय, टॅली येतंय, एक्सेल बऱ्यापैकी जमतंय आणि घर सोडून पुण्याला जायचं नाहीये, अशी बरीच पोरंपोरी मला विचारतात की ताई तुम्ही ते ऑस्ट्रेलियाचं बिलिंग करता म्हणजे नक्की काय करता, आम्हाला जमेल का. जमेल, पण काम काय आहे ते आधी नीट समजून घ्या, नुसतं डेटा एंट्री समजून येऊ नका.

तिकडं नॅशनल डिसेबिलिटी इन्शुरन्स स्कीम आहे, सगळे एनडीआयएसच म्हणतात, २०१३ च्या कायद्यानं आलेली. दिव्यांग माणसाला, म्हणजे त्यांच्या भाषेत पार्टिसिपंटला (पेशंट म्हणायचं नाही, पहिल्या दिवसापासून सवय लावा), त्याच्या गरजेप्रमाणं एक प्लॅन मंजूर होतो आणि त्यात कुठल्या मदतीला किती पैसे ते ठरलेलं असतं. अंघोळीला, जेवणाला, बाहेर जायला सपोर्ट वर्कर येतो, तो ज्या संस्थेचा ती प्रोव्हायडर, आणि दिलेल्या तासांचे पैसे प्रोव्हायडरनं त्या प्लॅनमधून मागायचे, तो क्लेम. आपण प्रोव्हायडरच्या बाजूनं बसतो.

आपल्या कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूक यांच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या दिव्यांगांसाठीच्या संस्थेचं काम ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना एका माणसाचा दिवस नीट जायला किती हात लागतात हे सांगायला नको. तिकडं त्या हातांचा प्रत्येक तास कुणाच्या तरी प्लॅनमधून वजा होतो. तुम्ही इथं बसून एक तास जास्तीचा लावला तर तो त्या माणसाचा तास गेला, प्लॅन संपायला दोन महिने असताना पैसे संपले तर त्याच्याकडं संध्याकाळी येणारा वर्कर बंद होऊ शकतो. आणि कमी लावला तर छोट्या प्रोव्हायडरला वर्करचा पगार खिशातून भरावा लागतो. मला या कामात जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच आहे, बाकीचं शिकता येतं.

पहिला प्रश्न कायम एकच विचारायचा, पैसे सांभाळतंय कोण. प्लॅन एजन्सी मॅनेज्ड असेल, म्हणजे पैसे स्कीम चालवणारी सरकारी एजन्सीच सांभाळत असेल, तर क्लेम थेट सरकारी पोर्टलवर जातो आणि तो फक्त रजिस्टर्ड प्रोव्हायडरच करू शकतो. प्लॅन मॅनेज्ड असेल तर इन्व्हॉइस प्लॅन मॅनेजरला (पार्टिसिपंटच्या वतीनं बिलं भागवणारा), आणि सेल्फ मॅनेज्ड असेल तर पार्टिसिपंटला किंवा त्याच्या घरच्यांना. एकाच माणसाच्या प्लॅनमध्ये हे तिन्ही प्रकार असू शकतात, एक भाग असा आणि दुसरा तसा, म्हणून नाव बघून पाठवायचं नाही, प्लॅन बघून पाठवायचं.

मग येतो सपोर्ट आयटम नंबर, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या मदतीचा ठरलेला कोड. ०१_०११_०१०७_१_१ असला आकडा बघून नवीन पोरं घाबरतात, पण त्याला अर्थ आहे. पहिलं ०१ म्हणजे सपोर्टची कॅटेगरी, इथं रोजच्या जगण्यातली मदत, मग त्यातला अनुक्रमांक, मग ०१०७ हा रजिस्ट्रेशन ग्रुप (प्रोव्हायडर ज्या प्रकारच्या कामासाठी रजिस्टर होतो तो), आणि शेवटचा १ म्हणजे कोअर बजेट, प्लॅनमधला रोजच्या मदतीचा पैसा. आता गंमत अशी की काम तेच, वर्कर तोच, पण वीकडे दिवसा असेल तर ०११, संध्याकाळी ०१५, शनिवारी ०१३, रविवारी ०१४ आणि पब्लिक हॉलिडेला ०१२, आणि दर प्रत्येकाचा वेगळा. दिवसाची वेळ सकाळी ६ ते रात्री ८ धरतात. हे सगळं प्रायसिंग अरेंजमेंट्स अँड प्राइस लिमिट्स या कागदात आणि सपोर्ट कॅटलॉगच्या एक्सेलमध्ये आहे, एनडीआयएसच्या साइटवर फुकट मिळतं, त्यासाठी कुणाला कोर्सची फी देऊ नका.

वेळेच्या बाबतीत आपल्याला इथं बसून जास्तच सावध राहावं लागतं. सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढं, आणि ऑक्टोबर ते एप्रिल डेलाइट सेव्हिंग (घड्याळ एक तास पुढं करणं) चालू असतं तेव्हा साडेपाच तास, पण ब्रिस्बेनला डेलाइट सेव्हिंग नाहीच. काही सॉफ्टवेअर शिफ्टची वेळ तुमच्या लॅपटॉपच्या टाइमझोनप्रमाणं दाखवतात. म्हणजे जुलैत सिडनीत शनिवारची रात्र उलटून साडेबाराला, म्हणजे रविवारी चालू झालेली शिफ्ट तुमच्या स्क्रीनवर शनिवारी रात्री आठची दिसते, आणि तुम्ही रविवारच्या जागी शनिवारचा आयटम लावून मोकळे. लॉगिन केल्या केल्या टाइमझोन तपासा. हॉलिडे पण राज्याप्रमाणं बदलतात, लेबर डे व्हिक्टोरियात मार्चमध्ये आणि न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबरमध्ये, मेलबर्नला तर नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी असते आणि सिडनीत तो साधा मंगळवार. पार्टिसिपंट कुठल्या राज्यात राहतो हे माहीत नसेल तर हॉलिडेचा दर लावायला हातच लावू नका.

नाइट स्लीपओव्हर हा वेगळा प्रकार, वर्कर रात्री तिथं झोपतो आणि लागलं तर उठतो, हा ८ तास किंवा जास्तीचा सलग पिरियड असतो, त्यात २ तासांपर्यंतची जागून केलेली मदत धरलेली असते आणि दर तासाचा नसून अख्ख्या रात्रीचा असतो. म्हणजे क्वांटिटी १. इथं ८ टाकलं तर आठ रात्रींचं बिल होतं, आणि असली बिलं येतात. तसंच सव्वा तास म्हणजे १.२५, आणि १:१५ बघून १.१५ लिहिणारे खूप आहेत, महिनाभराच्या शिफ्टांवर ते बऱ्यापैकी पैसे होतात. ग्रुपमध्ये एक वर्कर तिघांना घेऊन गेला असेल तर तासाचा दर तिघांत वाटला जातो, प्रत्येकाला पूर्ण लावायचा नाही.

रोस्टरवरून बिल कधीच करू नका. रोस्टर म्हणजे शिफ्टचं ठरवलेलं वेळापत्रक, शिफ्ट नोट म्हणजे खरंच झालेल्या कामाची वर्करनं लिहिलेली नोंद. नोटमध्ये वर्कर चारला निघाला लिहिलंय आणि रोस्टर पाचपर्यंत आहे तर चारपर्यंतच, आणि नोटच नसेल तर क्लेम थांबवून वर्करला मेसेज. मॅनेजर घाई करेल, पेमेंट अडकलंय म्हणेल, तरी नम्रपणे थांबवा. रेकॉर्ड पाच वर्षं ठेवावे लागतात आणि ऑडिटवाला आला की तो पहिली नोटच मागतो. २०२२ मध्ये तिकडच्या सरकारनं खोटे क्लेम पकडायला फ्रॉड फ्युजन टास्कफोर्स काढलाय, त्यामुळं नंतर जुळवून नोट लिहू असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, आणि ते लेखी म्हणा.

कॅन्सलेशनबद्दल थोडं. ऐनवेळी रद्द झाली म्हणून प्रत्येक शिफ्टचे पैसे मागता येत नाहीत, सर्व्हिस ॲग्रीमेंटमध्ये तशी अट पाहिजे, आणि त्या वर्करला दुसरं बिल होणारं काम मिळालं नाही असं असलं पाहिजे. किती दिवस आधी कळवलं तर चालतं हा नियम बदलत आलाय म्हणून चालू वर्षाच्या कागदातच बघा. क्लेममध्ये कॅन्सलेशन आणि प्रवास यांचा क्लेम टाइप वेगळा टाकावा लागतो, वर्करचा प्रवासाचा वेळ शहरी भागात ३० मिनिटांपर्यंत आणि लांबच्या भागात ६० मिनिटांपर्यंतच धरतात.

रिजेक्ट झालेले क्लेम रोज सकाळी आधी उघडा. तारीख प्लॅनच्या बाहेरची, दर लिमिटपेक्षा जास्त, तोच क्लेम दुसऱ्यांदा, बजेटमध्ये पैसे नाहीत, बहुतेक वेळा यातलंच एक असतं. पैसे नाहीत असं आलं तर नुसतं परत परत अपलोड करत बसू नका, सपोर्ट कोऑर्डिनेटरला (पार्टिसिपंटची मदत जुळवून देणाऱ्याला) कळवा, कारण त्या माणसाला पुढच्या आठवड्याची मदत मिळणार का हा तिथं खरा प्रश्न आहे. आणि हे साठवून ठेवू नका, ऑक्टोबर २०२४ च्या कायदाबदलानंतर मदत दिल्यापासून दोन वर्षांच्या आत क्लेम करावा लागतो.

ड्युटीचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी पहाटेची असते. राजारामपुरीत, शाहूपुरीत राहणाऱ्यांना सोपं जातं पण गावाकडून येणाऱ्या पोरींनी जॉइन व्हायच्या आधीच वर्क फ्रॉम होम किंवा गाडीचं विचारून घ्या, लाजू नका. घरून करणार असाल तर स्क्रीनवर माणसांच्या आजाराची, घरच्या पत्त्याची माहिती असते, कॉटवर लॅपटॉप उघडा टाकून चहा प्यायला जायचं नाही आणि शंका विचारायला स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर तर अजिबातच टाकायचा नाही.

इंटरव्ह्यूला इंग्रजी बोलण्यापेक्षा जास्त करून एक टेस्ट देतात, आठवड्याचा रोस्टर, सोबत नोट्स, आणि यावरून इन्व्हॉइस बनवा म्हणतात. तयारीला कॅटलॉग डाउनलोड करा, मनानं एक पार्टिसिपंट धरा, त्याला शनिवार-रविवार, एक स्लीपओव्हर, एक हॉलिडे आणि एक रद्द झालेली शिफ्ट द्या आणि एक्सेलमध्ये बिल मांडा. मग तोच आठवडा ३० जून ते ६ जुलै धरून परत करा, कारण नवीन दर शक्यतो १ जुलैला लागू होतात आणि दर बिल काढलं त्या दिवशीचा नसून मदत दिली त्या दिवशीचा लागतो, म्हणजे ३० जूनच्या शिफ्टला जुना आणि दुसऱ्या दिवसापासून नवा.