यूडब्ल्यूबी अंतरमापन: फिल्टरच्या आधी काय शिकावे

इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवी घेऊन बंदिस्त जागेतील स्थाननिश्चितीच्या कामात येणारे बहुतेक तरुण सुरुवातीलाच काल्मन फिल्टर, म्हणजे गोंगाटी वाचनांतून स्थानाचा गुळगुळीत अंदाज काढणारे गणित, लिहायला बसतात. याच क्षेत्रात काम करत असल्यामुळे मी त्यांना आग्रहाने सांगतो की फिल्टर हा शेवटचा टप्पा आहे. मोजमापातील त्रुटी दोन जातींच्या असतात: एक यादृच्छिक, जी अनेक वाचनांची सरासरी घेतली की कमी होते, आणि दुसरी एकाच बाजूला झुकलेली, जी हजार वाचने घेतली तरी तसूभर हलत नाही. फिल्टर पहिलीवर उत्तम चालतो. दुसरी शिल्लक असेल तर मात्र चुकीचे उत्तर केवळ अधिक स्थिर दिसू लागते. म्हणून त्रुटी कुठून येते हे आधी शोधावे.

रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते, हा आकडा कायम डोक्यात असू द्यावा. सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढणे स्वस्त पडते, परंतु मध्ये माणूस किंवा लोखंडी कपाट आले की अंतर तेच राहूनही ताकद बदलते. अल्ट्रा वाइडबँड, म्हणजेच यूडब्ल्यूबी, ताकदीऐवजी वेळ मोजते. तिची बँडविड्थ साधारण ५०० मेगाहर्ट्झ असल्याने पल्स सुमारे २ नॅनोसेकंदांचा असतो आणि थेट आलेली लहर व भिंतीवरून परावर्तित होऊन आलेली लहर वेगळ्या ओळखता येतात. वायफायवरही वेळेच्या आधारे अंतर मोजता येते आणि अँड्रॉइड ९ पासून त्याची सोय आहे, पण तिथे अपेक्षा एक-दोन मीटरांचीच ठेवावी.

पहिली मोठी त्रुटी घड्याळाची. टॅगने (ज्याचे स्थान शोधायचे त्या फिरत्या उपकरणाने) संदेश पाठवायचा, अँकरने (ठरावीक जागी बसवलेल्या उपकरणाने) थोडे थांबून उत्तर द्यायचे आणि गेलेल्या एकूण वेळेतून अँकरच्या थांबण्याचा वेळ वजा करायचा, ही एका फेरीची पद्धत झाली. दोन्ही उपकरणांच्या क्रिस्टलमध्ये, म्हणजे घड्याळाची गती ठरवणाऱ्या स्फटिकात, दहा लाखांत २० भागांचा फरक असेल आणि अँकर १ मिलिसेकंद थांबत असेल, तर २० नॅनोसेकंदांची तफावत पडते. तिचा निम्मा भाग उड्डाणवेळेत, म्हणजे लहरीच्या एकेरी प्रवासाच्या वेळेत, उतरतो आणि अंतर ३ मीटरने चुकते. तिसरा संदेश जोडून दोन फेऱ्यांची वेळ एकत्र घेतली की हीच त्रुटी नगण्य होते. हे समीकरण एखाद्या सॉफ्टवेअर लायब्ररीतील तयार कोडमधून उचलण्याआधी एकदा स्वतः कागदावर सोडवून पाहावे, कारण पुढच्या अनेक शंका तिथेच फिटतात.

दुसरी त्रुटी अँटेना डिलेची, आणि माझ्या मते नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथे जायला हवा. चिपमध्ये नोंदलेली वेळ आणि लहर अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडण्याची वेळ यांत शेकडो नॅनोसेकंदांचे अंतर असते आणि ते प्रत्येक मॉड्यूलगणिक किंचित बदलते. ते काढण्यासाठी तीन मॉड्यूल घ्यावीत. तिघांच्या तीन जोड्या होतात, अज्ञात राशीही तीनच, त्यामुळे लेझर मीटरने मोजलेल्या अंतरांशी ताडून प्रत्येकाचा डिले सुटा करता येतो. जागा मोकळी हवी आणि मॉड्यूल पुरेसे तापल्यानंतरच वाचने घ्यावीत. ट्रायपॉडची उंचीही महत्त्वाची आहे. दोन्ही मॉड्यूल जमिनीपासून दीड मीटरवर आणि परस्परांपासून ५ मीटरवर असतील, तर जमिनीवरून परावर्तित झालेली लहर ८३ सेंटीमीटर जास्त चालते आणि थेट पल्सपासून वेगळी पडते. तीच जोडी १० मीटरवर नेली की हा फरक ४४ सेंटीमीटरवर येतो, म्हणजे २ नॅनोसेकंदांपेक्षा कमी. दोन्ही पल्स एकमेकांत मिसळतात आणि कॅलिब्रेशन बिघडते. शिवाय येणारा सिग्नल किती जोरकस आहे यानुसारही वाचन काही सेंटीमीटरांनी सरकते; चिपच्या उत्पादकाने त्याची दुरुस्ती दिली असेल तर ती जरूर लावावी.

यानंतरची अडचण प्रत्यक्ष जागेवरची असते. काँक्रिटमध्ये लहरीचा वेग हवेतल्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास येतो, त्यामुळे २० सेंटीमीटरची भिंत अंतरात साधारण तेवढीच भर घालते. टॅग छातीवर लावलेल्या माणसाने अँकरकडे पाठ केली की थेट लहर शरीरातच बरीचशी विरते आणि चिप परावर्तित लहरीला पहिली समजते. अशी त्रुटी अंतर नेहमी वाढवते, कमी कधीच करत नाही. वाचनांचा हिस्टोग्राम काढला तर उजवीकडे लांबलेली शेपटी दिसते. म्हणून इथे सरासरीपेक्षा मध्यक बरा, आणि पहिल्या लहरीची ताकद एकूण ताकदीच्या तुलनेत फारच कमी असेल तर त्या वाचनाचे वजन कमी करावे.

अंतरे अचूक आली तरी स्थान अचूक येईलच असे नाही. ३० मीटर लांबीच्या बोळात दोन टोकांना दोन अँकर लावले आणि मधोमध उभा असलेला टॅग बोळाच्या मध्यरेषेपासून १ मीटर बाजूला सरकला, तर प्रत्येक अंतर जेमतेम ३ सेंटीमीटरने बदलते. १० सेंटीमीटर अचूकतेच्या यंत्रणेला तो कोणत्या भिंतीलगत आहे हे कळणे शक्यच नाही, आणि कोणताही फिल्टर ही माहिती निर्माण करू शकत नाही. एक अँकर बाजूच्या भिंतीवर नेल्याने जे साधते ते महिनाभराच्या कोडिंगने साधत नाही. सगळे अँकर छताच्या एकाच पातळीवर असले की उंचीच्या बाबतीतही असेच होते.

शिकण्याच्या दृष्टीने लिस्ट स्क्वेअर्स (त्रुटींच्या वर्गांची बेरीज किमान करणारी पद्धत), प्राथमिक संख्याशास्त्र, एम्बेडेड सी आणि पायथन एवढे पक्के असावे. वाहनांच्या डिजिटल किल्लीच्या कामात जायचे असेल तर २०२० चे आयईईई ८०२.१५.४झेड हे यूडब्ल्यूबीचे मानक वाचावे, कारण तिथे अचूकतेइतकाच, कोणी मधल्या मध्ये अंतर खोटे कमी करून दाखवणार नाही ना, हाही प्रश्न असतो. प्रत्येक चाचणीची कच्ची वाचने जपून ठेवावीत. आणि अहवालात फक्त सरासरी त्रुटी लिहू नये. १०० पैकी ९५ वाचने किती त्रुटीच्या आत आली, अँकर कुठे होते आणि जागेत किती माणसे वावरत होती, हेही त्याच पानावर लिहावे.