इंग्लंडमध्ये सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये व्हॉलंटिअर व्हायचंय? माझा अनुभव आणि कामाची माहिती

इथे डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाच्या आधारावर, आलेले आपले लोक, म्हणजे ज्यांनी तिकडे बँकेत, शाळेत, एचआरमध्ये चांगली नोकरी केलीये आणि इथे "लोकल एक्स्पिरिअन्स नाही" हे ऐकून कंटाळलेत, ते मला नेहमी विचारतात की तू त्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये नेमकं करतेस काय आणि आम्हाला घेतील का. प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. मी इंग्लंडमधलं सांगतेय, वेल्समध्ये पण हीच संस्था आहे, स्कॉटलंडची वेगळी आहे.

आधी संस्थेबद्दल थोडं. ही कर्ज, घर, भत्ते अशा प्रश्नांवर लोकांना सल्ला देणारी संस्था. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झाल्या झाल्या पहिली २०० केंद्रं उघडली, तेव्हा लोकांचे प्रश्न म्हणजे रेशन, बेपत्ता नातेवाईक, बॉम्बमध्ये गेलेलं घर, नवरा सैन्यात गेल्यामुळे थकलेले हप्ते. आज प्रश्न बदललेत पण रचना साधारण तीच राहिलीये, प्रत्येक गावचं ऑफिस ही स्वतंत्र चॅरिटी असते, तिचे स्वतःचे ट्रस्टी, स्वतःचं बजेट, आणि बरंचसं काम व्हॉलंटिअरच्या जिवावर चालतं. सल्ला फुकट, गोपनीय, आणि कौन्सिल (इथली नगरपालिका) असो की सरकार, कुणाची बाजू न घेता दिला जातो. त्यामुळे एका गावच्या ऑफिसात जे चालतं ते दुसऱ्या गावात चालेलच असं नाही, ट्रेनिंग, दिवस, भूमिका सगळं थोडं थोडं वेगळं असतं, म्हणून मैत्रिणीचं ऐकून ठरवू नका, आपल्या भागातल्या ऑफिसला विचारा.

भूमिका बऱ्याच आहेत. रिसेप्शन आहे, अ‍ॅडमिन आहे, मग असेसर, म्हणजे जो पहिल्यांदा क्लायंटचं ऐकून घेतो आणि प्रश्न किती गंभीर, किती तातडीचा ते बघतो, आणि अ‍ॅडव्हायझर, जो केस पुढे नेतो. रिसर्च आणि कॅम्पेनचं काम करणारे व्हॉलंटिअर असतात, आणि अकाउंट्स किंवा एचआरचा अनुभव असेल तर ट्रस्टी पण होता येतं, हे आपल्या लोकांना सुचतच नाही. मी असेसरपासून सुरुवात केली आणि नव्या माणसाला तेच सांगेन, कारण तिथे सगळ्या प्रकारचे प्रश्न समोर येतात आणि हा देश कसा चालतो ते सहा महिन्यांत कळतं, जे एरवी दहा वर्षं राहून कळत नाही.

कायद्याची डिग्री लागत नाही. ऑनलाइन मॉड्यूल्स असतात, मग काही काळ अनुभवी अ‍ॅडव्हायझरच्या शेजारी बसून नुसतं बघायचं, मग हळूहळू स्वतः बोलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुपरवायझर. क्लायंटला पाच मिनिटं बसा म्हणून सांगून आत जाऊन सुपरवायझरला विचारायचं, ही तिथली रोजची पद्धत आहे, त्यात कमीपणा अजिबात नाही. आपल्याकडे "मला माहीत नाही" म्हणायला जीभ रेटत नाही, शिकलेल्या माणसाला तर नाहीच, पण इथे अंदाजाने बोललेलं एक वाक्य कुणाचं घर घालवू शकतं. "मी बघून सांगते" हे तीन शब्द पहिल्या दिवसापासून बोलायला लागा. उत्तरं पाठ असायची गरजच नाही, अ‍ॅडव्हायझरसाठी वेगळी माहितीची सिस्टिम असते, कायदा बदलला की ती अपडेट होते, आणि प्रत्येक वेळी ती उघडून बघायची, काल बघितलं असलं तरी.

आता खरं काम कसं चालतं ते. खऱ्या क्लायंटची गोष्ट मी कधीच सांगणार नाही, नाव बदलून पण नाही, म्हणून नेहमी दिसणाऱ्या प्रकारांवरून सांगते. माणूस येतो आणि बऱ्याचदा ताकाला जाऊन भांडं लपवतो. विचारतो की फूड बँकेचं, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्राचं, व्हाउचर कुठे मिळेल. व्हाउचर देऊन मोकळं होणं सोपं असतं, पण घरात अन्न का नाही हे विचारलं की कळतं युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नावर मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, पहिला पैसा यायला पाच आठवडे लागतात, त्यासाठी अ‍ॅडव्हान्स घेतला, तो कर्ज असतो म्हणून दर महिन्याला कापला जातोय, त्यात भाडं थकलं, आणि घरमालकाची नोटीस आलीये जी त्याने उघडूनच बघितली नाहीये. म्हणजे आला अन्नासाठी आणि खरा धोका घराला. शांतपणे पुढचा प्रश्न विचारत जाणं, हेच मुख्य कौशल्य. मध्येच सल्ला द्यायची घाई करू नका.

न उघडलेल्या पाकिटांचं तर काय सांगू. प्लास्टिकची पिशवी भरून पाकिटं घेऊन लोक येतात, तपकिरी, पांढरी, काहींवर लाल अक्षरं, आणि पिशवी टेबलावर ठेवताना त्यांचा चेहरा बघवत नाही. तेव्हा आम्ही काय करतो तर बरोबर बसून एकेक उघडतो, तारखेप्रमाणे लावतो, आणि चार गठ्ठे करतो, भाडं, कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर), गॅस-लाइट, आणि बाकी सगळं म्हणजे क्रेडिट कार्ड, कॅटलॉगवरची उधारी, जुना फोन. पहिले तीन गठ्ठे आधी, कारण ते चुकले तर घर जातं, वीज जाते, किंवा दारात बेलिफ, म्हणजे वसुलीवाला, येतो. क्रेडिट कार्डवाले रोज फोन करतात म्हणून लोक घाबरून आधी त्यांना पैसे देतात आणि कौन्सिल टॅक्स राहून जातो, हे इतकं कॉमन आहे की सांगायची सोय नाही. कौन्सिल टॅक्सचा एक हप्ता चुकला, रिमाइंडरकडे दुर्लक्ष झालं, की पूर्ण वर्षाची रक्कम एकदम मागू शकतात, मग कोर्टाची लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे ही रक्कम तुम्ही देणं लागता असा हुकूम, आणि मग बेलिफ. आणि बेलिफला कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्या भेटीत जबरदस्तीने घरात घुसता येत नाही, उघड्या दारातून मात्र येऊ शकतो, म्हणून दार लावून आतूनच बोलायचं, एवढं सांगितलं तरी समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. शिवाय ब्रीदिंग स्पेस नावाची सोय आहे, मे २०२१ पासून, ६० दिवस बहुतेक कर्जांवरचं व्याज आणि वसुली थांबते, पण ती स्वतः अर्ज करून मिळत नाही, कर्जाचा सल्ला देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडून किंवा कौन्सिलकडूनच मिळते. कर्जाचं काम नियमांत बांधलेलं असतं, त्यामुळे नवा व्हॉलंटिअर ते एकट्याने करत नाही, पण गठ्ठे लावणं, तारखा लिहिणं, महिन्याच्या जमाखर्चाचा फॉर्म भरणं हे करतो, आणि माझ्या मते निम्मी भीती तिथेच उतरते.

दुसरं मोठं काम म्हणजे पिप, पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, आजारपण किंवा अपंगत्वामुळे लागणारा जादा खर्च भागवायला मिळणारा भत्ता. रोजच्या जगण्याच्या १० आणि हिंडण्याफिरण्याच्या २ गोष्टींवर पॉइंट्स देतात, त्या त्या भागात ८ पॉइंट्स झाले तर साधा दर, १२ झाले तर वरचा. फॉर्ममध्ये विचारतात जेवण बनवता येतं का, माणूस म्हणतो हो येतं. तिथे थांबलात तर संपलं. मग विचारायचं, पातेलं कोण उचलतं? उभं राहून करता की बसून? किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी परत करता येतं का? मग बाई सांगते की भात लावते पण पातेलं मुलगी उतरवते, मागे एकदा हातावर सांडलं, आणि दुपारी केलं की संध्याकाळी उठवत नाही. नियमच असा आहे की गोष्ट सुरक्षितपणे, बऱ्या प्रतीची, हवी तितक्या वेळा, आणि वाजवी वेळात जमली तरच जमली म्हणायची. हे लोकांना माहीत नसतं. आपल्या बाजूच्या वयस्कर बायका तर दुखणं बोलूनच दाखवत नाहीत, "चालतंय की" म्हणतात, आणि त्याच शब्दामुळे पॉइंट जातात. नकार आला तरी हातपाय गाळायचे नाहीत, एका महिन्यात मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागायचं, तिथेही नाही म्हणाले तर ट्रिब्युनलकडे अपील, त्याला फी नसते. पत्रावरची तारीख पहिली बघायची, नोटमध्ये ती पहिली लिहायची.

आता आपल्या लोकांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट, कृपया नीट वाचा. तुम्ही व्हॉलंटिअर झालात हे मंडळाच्या ग्रुपवर कळलं की फोन सुरू होतात, "ताई, जरा आमच्या व्हिसाचं बघा ना", "वहिनी, आयएलआरला हे कागद चालतील का" (आयएलआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी). इमिग्रेशनचा सल्ला देणं हे इथे कायद्याने बांधलेलं आहे, १९९९ च्या कायद्यापासून, आणि मान्यता नसताना दिला तर तो गुन्हा आहे, पैसे घेतले नसले तरी. मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव आता इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी, आधी ओआयएससी म्हणायचे. तेव्हा ओळखीचं असो की नात्यातलं, सरळ सांगा की मला हे सांगता येत नाही, मान्यताप्राप्त अ‍ॅडव्हायझर किंवा सॉलिसिटरची यादी कुठे बघायची ते दाखवते. माणसं जरा नाराज होतात, होऊ द्या. आणखी एक, डिपेंडंट आणि वर्क व्हिसावर बहुतेकांना पब्लिक फंड्स, म्हणजे त्या यादीतले सरकारी भत्ते आणि मदत, चालत नाहीत, म्हणून कुणालाही "हा बेनिफिट घे" असं सहज सांगू नका. कौन्सिल टॅक्समध्ये एकट्या राहणाऱ्याला मिळणारी २५ टक्के सूट ही पब्लिक फंड नाही, पण कमी उत्पन्नावर मिळणारी कौन्सिल टॅक्स रिडक्शन ही पब्लिक फंड आहे. नावं इतकी सारखी आणि परिणाम एवढा वेगळा, म्हणूनच म्हणते की सुपरवायझरला विचारा.

भाषेचा फायदा नक्की होतो. मराठीतले क्लायंट कमी, पण हिंदी येत असेल तर उर्दू, पंजाबी, गुजराती बोलणाऱ्यांशी निदान पहिली ओळख नीट होते, आणि घाबरलेल्या माणसाला आपल्या वळणाची बोली ऐकून किती बरं वाटतं हे मी बघितलंय. पण पूर्ण सल्ल्यासाठी तटस्थ दुभाषी घ्यायचा असतो, फोनवरून मिळतो. मुलाला किंवा नवऱ्याला दुभाषी करायचं नाही. त्याचं कारण साधं आहे, घरात मारहाण होत असेल तर बाई त्याच माणसाच्या तोंडून ते कसं सांगणार. म्हणून शक्य तेवढं क्लायंटशी एकटीशी बोलायचं, आणि तो प्रश्न कसा विचारायचा हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. ते ट्रेनिंग मन लावून करा.

घरचे म्हणतात, आमच्याकडे पण म्हणाले, की कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या. पगार नाही हे खरं, फक्त जायचा-यायचा खर्च मिळतो. मला मनापासून वाटतं की हे काम पगाराच्या कामाइतकंच गंभीर आहे, आणि नोकरीसाठी त्याचा उपयोग होतोच, माझ्या बरोबरच्या कितीतरी जणी कौन्सिलमध्ये, हाउसिंग असोसिएशनमध्ये, किंवा तिथेच पगारी कामाला लागल्या. पण फक्त सीव्हीसाठी दोन महिने येऊन जाऊ नका. तुम्हाला शिकवण्यात एका सुपरवायझरचा फार वेळ जातो आणि तो वेळ क्लायंटच्या वाट्याचा असतो. आठवड्याला एखाद-दोन दिवस, निदान वर्षभर, एवढं जमत असेल तरच या. काही दिवस घरी जाऊन पण डोक्यातून जात नाही. अशा वेळी निघायच्या आधी सुपरवायझरशी बोलून निघायचं, घरी नवऱ्याला केस सांगून मन मोकळं करायची सोय नाही, गोपनीयता घरात पण लागू असते.

नोंदी लिहायचा कंटाळा करू नका. एक तर पुढच्या वेळी वेगळा अ‍ॅडव्हायझर असेल तर क्लायंटला सगळी कथा परत सांगायला लागू नये. दुसरं म्हणजे गावोगावच्या नोंदी एकत्र आल्या की धोरण बदलायला पुरावा होतो. २०१८ मध्ये सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसने जुन्या ग्राहकांकडून जास्त पैसे घेण्याविरुद्ध, म्हणजे मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा वगैरे, सुपर-कम्प्लेंट, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे रीतसर तक्रार, केली होती, आणि १ जानेवारी २०२२ पासून घर आणि गाडीच्या विम्यात जुन्या ग्राहकाला रिन्यूअलला नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर लावायला बंदी आली.

अर्ज करताना वेबसाइटवर आपल्या भागाचं ऑफिस शोधा, सगळीकडे सगळ्या वेळी जागा नसतात. फॉर्ममध्ये डिग्र्यांची यादी देऊ नका, त्यापेक्षा कुणाचं तरी ऐकून घेऊन प्रश्न सोडवल्याचं एक उदाहरण लिहा, बँकेच्या काउंटरवरचं, सोसायटीच्या कमिटीतलं, शाळेतल्या पालकांचं, काहीही चालेल. इंटरव्ह्यूमध्ये बहुतेक विचारतात की तुम्हाला पटत नाही असं वागणारा क्लायंट आला तर काय कराल, दारू पिणारा, कर्ज काढून टीव्ही घेणारा, त्यावर आधीच प्रामाणिकपणे विचार करून जा. डिपेंडंट व्हिसावर व्हॉलंटिअरिंग करता येतं. स्टुडंट व्हिसावाल्यांनी मात्र एक बघायचं, नियमांत व्हॉलंटिअरिंग आणि व्हॉलंटरी वर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी आठवड्याच्या तासांच्या मर्यादेत मोजली जाते, तेव्हा सही करायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला लेखी विचारून घ्या. रेफरन्ससाठी भारतातला जुना बॉस चालेल का हे पण फॉर्म भरतानाच विचारा, माझा तिकडून यायला वेळ लागला म्हणून ट्रेनिंगची बॅच पुढे गेली.