पोलादाच्या कटिंगचं सिम्युलेशन: पहिलं मॉडेल बसवताना

सुरुवातच थ्री-डी टर्निंगने करू नका. टू-डी ऑर्थोगोनल कटिंग (धार कापण्याच्या दिशेला काटकोनात) घ्या: २ मिमी लांब, ०.५ मिमी उंच वर्कपीस, चिपची (कापून निघणाऱ्या धातूच्या पापुद्र्याची) कापण्याआधीची जाडी ०.१ मिमी, रुंदी १ मिमी, प्लेन स्ट्रेन (रुंदीच्या दिशेने ताण-विकृती शून्य). टूल रिजिड (न वाकणारं) चालेल, पण धारेला २० मायक्रॉनची त्रिज्या द्या.

१०४५ या मध्यम कार्बन पोलादासाठी जॉन्सन-कुकचे (विकृती, तिचा वेग आणि तापमान यांवरून धातूची ताकद सांगणाऱ्या सूत्राचे) रुळलेले आकडे: ए ५५३.१ आणि बी ६००.८ मेगापास्कल, एन ०.२३४, सी ०.०१३४, एम १, वितळबिंदू १४६० अंश सेल्सियस. आकडे बरोबर असूनही मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा एककांमुळे. मिमी-टन-सेकंद घेतलंत, तर विशिष्ट उष्णतेच्या एसआय आकड्याला दहा लाखांनी गुणावं लागतं, म्हणजे ४८६ चे ४८.६ कोटी होतात. उष्णतावाहकतेचा आकडा मात्र तसाच राहतो. हे विसरलं की चिप एक तर बर्फासारखी थंड, नाहीतर क्षणात वितळलेली. प्लास्टिक कामाचा ०.९ भाग उष्णतेत जातो असं धरा.

मेश (वर्कपीसचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, यांची जाळी) कापल्या जाणाऱ्या थरात १० मायक्रॉनची, म्हणजे जाडीत दहा एलिमेंट. एक्सप्लिसिटमध्ये (वेळेचे अगदी छोटे टप्पे घेत पुढे जाणाऱ्या पद्धतीत) मग टाइम स्टेप दोन नॅनोसेकंदांच्या आतबाहेर येते. मिनिटाला १२० मीटर वेगाने १ मिमी कापायला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे सुमारे अडीच लाख स्टेप. गणित लवकर व्हावं म्हणून मॉडेलमधलं वस्तुमान कृत्रिमपणे १०० पट वाढवलं तर स्टेप दहापट होते, पण कायनेटिक एनर्जीवर नजर ठेवा.

डॅमेज (एलिमेंट किती विकृतीला तुटून गळायचं, तो नियम) सगळ्या वर्कपीसला देऊ नका. टूलच्या धारेसमोरच्या, त्रिज्येएवढ्या पातळ थरालाच द्या. एलिमेंट गळालं की त्याच्याबरोबर धातूही गायब होतो. अवरग्लास एनर्जी (एलिमेंटच्या खोट्या, वाकड्यातिकड्या विकृतीला आवरण्यात खर्च होणारी ऊर्जा) इंटर्नल एनर्जीच्या ५ टक्क्यांवर गेली, तर तो रन टाकून द्या, कंटूर (निकालाची रंगीत चित्रं) कितीही देखणे दिसोत.

कटिंग फोर्स साधारण २०० ते २५० न्यूटन यायला हवा. फीड फोर्स (कापण्याच्या दिशेला काटकोनातलं बल) मात्र मॉडेलमध्ये हटकून कमी येतो. तेवढ्यासाठी घर्षणांक ०.३ वरून ०.७ वर ढकलणं ही पळवाट झाली: फोर्स जुळतो, पण चिप फुगते. आधी प्रत्यक्ष धारेची त्रिज्या मोजा, चिपची जाडी मायक्रोमीटरने पाहा, मगच घर्षणाला हात लावा.

टूलचं तापमान हवं असेल तर टूल रिजिड असलं तरी त्याला उष्णतेचे गुणधर्म द्या. आणि तरीही अर्ध्या मिलिसेकंदात ते स्थिरावत नाही. चिपकडून येणारा उष्णतेचा ओघ काढून टूलचं वेगळं स्टेडी-स्टेट थर्मल विश्लेषण करा.