मोहोळ जवळ असताना: कोकणातील मधमाश्यांची वागणूक आणि आपली सावधगिरी

आंब्याला मोहर आणि काजूला फुलोरा येतो त्या दिवसांत, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्चपर्यंत, कोकणातल्या बागांमध्ये मधमाश्यांची वर्दळ वाढते आणि नेमका त्याच काळात माणसांचा वावरही वाढतो. या दोघांचे वाकडे नाही. फुलावर बसलेली माशी घरापासून दूर, मकरंद आणि पराग गोळा करण्यात गुंतलेली असते. तेथे राखण्यासारखे तिच्याजवळ काही नसते, त्यामुळे पायाखाली चिरडली गेल्याशिवाय किंवा बाहीत अडकल्याशिवाय ती सहसा डंख करत नाही. तीच माशी पोळ्यावर असते तेव्हा मात्र तिच्या पाठीशी अंडी, अळ्या आणि साठवलेला मध असतो. म्हणून बागेत शिरताना माशी दिसली की नाही याऐवजी पोळे कोठे आहे, हे आधी पाहावे.

पोळे कोणाचे आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. आग्या माशीचे मोहोळ उघड्यावर, उंच वड वा सावरीच्या फांदीखाली, कड्याच्या कपारीत, पाण्याच्या टाकीच्या तळाशी किंवा गडाच्या तटाला लटकलेले दिसते. ते एकच मोठे पोळे असते आणि त्याची रुंदी कधीकधी मीटरभर भरते. सातेरी माशी अंधार शोधते. झाडाची ढोली, जुन्या भिंतीची फट, जांभ्याच्या गडग्यातली पोकळी अशा जागी ती एकाशेजारी एक अनेक पोळी बांधते, आणि आपल्याकडे लाकडी पेटीत पाळतात तीही हीच. फुलोरी माशीचे तळहाताएवढे पोळे झुडपाच्या बारीक फांदीला असते. या तिघींत खरी धास्ती बाळगावी ती आग्याची, कारण तिचा प्रतिकार एकेकट्या माशीचा नसून हजारोंचा असतो. गांधीलमाशी ही मधमाशी नव्हे. तिचे घर कागदासारख्या पदार्थाचे असते, आणि तिचा काटा अंगात रुतून राहत नसल्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते.

आग्या मोहोळ हल्ल्याआधी बहुधा इशारा देते. पोळ्यावर बसलेल्या माश्या क्रमाने पोट वर उचलतात आणि पृष्ठभागावरून चमकती लाट सरकल्यासारखी दिसते. गांधीलमाश्यांसारख्या शत्रूंना परतवण्यासाठी ही युक्ती असते. अशा लाटा एकामागून एक उठू लागल्या तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे. एखादी माशी चेहऱ्यासमोर घिरट्या घालू लागली किंवा डंख न करता अंगावर आदळली, तर तोही इशाराच होय. हात न हलवता, आलेल्या वाटेने शांतपणे मागे फिरावे. याउलट फांदीला नुसता माश्यांचा घोस लोंबत असेल आणि पोळे दिसत नसेल, तर तो नवे घर शोधणारा थवा असतो. त्याच्याजवळ राखायला पिल्ले नसतात, म्हणून तो सहसा शांत असतो आणि बहुधा काही तासांत वा एकदोन दिवसांत निघून जातो. त्याला दगड मारू नये, एवढेच.

मोहोळ चिडते ते बहुतेक वेळा माणसाच्या निष्काळजीपणामुळे. झाडाखाली पेटवलेली भाजावळ, शिमग्याचा होम, गडावर तटाच्या आडोशाला मांडलेली चूल, गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज आणि कंप, पोरांनी गंमत म्हणून भिरकावलेला दगड, ही नेहमीची कारणे आहेत. उग्र अत्तर आणि गडद कपडेही टाळावेत. कधीकधी आपला काहीच दोष नसतो: मधुबाज पक्षी पोळ्यावर झडप घालतो आणि चवताळलेल्या माश्या खाली उभ्या असलेल्या माणसांवर तुटून पडतात. त्यामुळे मोहोळाच्या थेट खाली सावलीला बसणे किंवा जेवायला पंगत मांडणे, हे मोहोळ कितीही शांत दिसत असले तरी चुकीचेच आहे.

हल्ला झालाच तर थांबू नये. डंखाबरोबर माशी एक गंध सोडते, त्याचा वास काहीसा पिकलेल्या केळ्यासारखा असतो, आणि तो इतर माश्यांना त्याच जागी ओढून आणतो; हात झाडून किंवा माश्या चिरडून तो गंध वाढतच जातो. उपरण्याने, ओढणीने किंवा सदऱ्याने डोके आणि चेहरा झाकून, पुढची वाट दिसेल इतके डोळे मोकळे ठेवून, सरळ रेषेत पळावे आणि घरात किंवा बंद गाडीत शिरावे. काही माश्या बरोबर आत आल्या तरी बाहेरच्या झुंडीपेक्षा त्या परवडतात. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, पण तो धोक्याचा आहे: माश्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात, डोके वर काढताच पुन्हा डंख करतात आणि घाबरलेला माणूस बुडण्याची भीती वेगळीच. कड्यावर किंवा तटावर असाल तर पळण्याआधी पाय कोठे पडतो आहे ते पाहा.

सुरक्षित जागी पोचल्यावर काटे लगेच काढावेत. मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसह त्वचेत राहतो आणि काही काळ विष सोडत राहतो, म्हणून नखाने खरवडून की चिमटीत धरून याचा विचार करत बसण्यापेक्षा तो पटकन काढणे महत्त्वाचे. जागा साबणाने धुऊन बर्फ लावावा; अंगठ्या आणि बांगड्या सूज येण्याआधीच उतरवाव्यात. जिभेला किंवा घशाला सूज, श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर किंवा उलट्या यांपैकी काहीही दिसले तर एकाच डंखानेही जीव धोक्यात येऊ शकतो; लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अनेक डंख झालेल्या माणसाला, विशेषतः लहान मुलाला आणि वृद्धाला, बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्यावेच.

राहता राहिला घराजवळच्या पोळ्याचा प्रश्न. ते रात्री जाळून टाकणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि मला ती मनापासून अमान्य आहे, कारण त्यात घराला आग लागू शकते, माश्यांची वसाहत नष्ट होते आणि पुढच्या मोहरात आपल्याच बागेत परागीभवन करणारे कमी होतात. सातेरीची वसाहत अनुभवी मधपाळ पेटीत हलवू शकतो; अशा मधपालनाचे प्रशिक्षण महाबळेश्वरच्या मध संचालनालयात मिळते. आग्याला पेटीत ठेवता येत नाही, पण ती ऋतूनुसार स्थलांतर करते, म्हणून मोहोळ वर्दळीच्या जागेपासून दूर असेल तर त्याला हात न लावता थांबावे. ती पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच फांदीवर परतते. ती झाडे लक्षात ठेवून, हंगाम सुरू होण्याआधीच बागेत कामाला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवावीत.