देणगीच्या आधीचे काम: मुलांच्या सुरक्षिततेसाठी व्यवसायांना आपत्तीच्या तयारीत कसे जोडावे

पूर किंवा भूकंप येऊन गेला की मदतीचे आवाहन निघते, आसपासचे व्यावसायिक धान्य, ब्लँकेटे आणि बिस्किटांचे पुडे पाठवतात आणि काही आठवड्यांत जो तो आपल्या कामाला लागतो. या मदतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वाहने, गोदामे, जनरेटर, कुशल कारागीर आणि माल ठरल्या वेळी पोहोचवण्याची बसलेली घडी या ज्या गोष्टी व्यवसायांकडे बाराही महिने असतात, त्या आपत्तीच्या आधी त्यांच्याकडे कोणी सहसा मागत नाही. शाळांच्या समित्या, स्वयंसेवी संस्था आणि स्थानिक प्रशासनात काम करणाऱ्यांनी हे मागणे कसे करावे, याचा विचार येथे केला आहे.

व्यावसायिकाच्या दारात जाण्यापूर्वी मुलांकडून धोक्यांचा नकाशा तयार करून घ्यावा. साधारण दहा ते सोळा वर्षांच्या मुलांना घर ते शाळा हा रोजचा रस्ता कागदावर काढायला सांगावे आणि नंतर त्यांच्याबरोबर तो रस्ता चालून पाहावा. मोठ्यांच्या पाहणीत सहसा न येणाऱ्या गोष्टी त्यात दिसू लागतात: झाकण निसटलेले गटार, पावसाळ्यात जेथे पाणी तुंबते ती नेमकी जागा, दुकानाबाहेर रचलेल्या सिलिंडरांमुळे मुलांना रस्त्यावर उतरावे लागणारा कोपरा, दोन कुलुपांच्या मागे राहणारे शाळेचे मागचे दार. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत विचारात घेतले जावे, हा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील बाराव्या कलमाने मान्य केला आहे. पण कलम बाजूला ठेवले तरी माहिती म्हणूनच हा नकाशा मौल्यवान ठरतो. त्यातील कोणकोणती ठिकाणे कोणत्या व्यवसायाच्या आवारात किंवा आवारासमोर येतात, याची नोंद केली की पहिल्या भेटीचा विषय आपोआप ठरतो.

भेटायचे कोणाला, हा पुढचा प्रश्न. मोठ्या कारखान्याच्या सामाजिक दायित्व विभागाला पत्र देऊन थांबण्याची सवय अनेक संस्थांना आहे. तो विभाग निधी देऊ शकतो, पण गोदामाची किल्ली किंवा ट्रकचा चालक त्याच्या हाती नसतो. म्हणून सुरक्षा अधिकारी, मनुष्यबळ विभागाचे प्रमुख आणि वाहतूक पाहणारी व्यक्ती या तिघांना एकाच बैठकीत बसवण्याचा आग्रह धरावा. त्याचबरोबर औषधविक्रेते, पाण्याचे टँकर पुरवणारे, बांधकाम कंत्राटदार, मोबाइल दुरुस्तीची दुकाने आणि शाळेची बस चालवणारे यांनाही यादीत घ्यावे. लहान दुकानदार मात्र स्वतःच आपत्तीग्रस्त होण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे त्याच्याकडून काही घेण्याआधी त्याची कागदपत्रे, हिशेब आणि विमा सुरक्षित राहावा यासाठी त्याला मदत करणे हेच योग्य ठरते.

बैठकीत बोलण्याची सुरुवात परोपकारापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती कामगारांच्या मुलांपासून करावी. दुपारी भूकंप झाला, कारखान्यात कामाची पाळी सुरू आहे, फोन लागत नाहीत, अशा वेळी शाळेतून मूल कोण घेऊन येणार, हा प्रश्न विचारला की टेबलाच्या पलीकडे बसलेली माणसे आधी पालक म्हणून विचार करू लागतात. शाळा बंद राहिल्या की पालक कामावर येऊ शकत नाहीत आणि पालक आले नाहीत की उत्पादन सुरू होत नाही, हा व्यवहारही त्यांना मग वेगळा समजावून द्यावा लागत नाही. यातून पहिली ठोस मागणी निघते: आपत्तीच्या प्रसंगी पालकांना पगार न कापता पाळी सोडून जाण्याची मुभा असावी, आणि पालक पोहोचू शकत नसल्यास मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे, त्या दोन व्यक्तींची नावे शाळेकडे लेखी असावीत. या मागणीला खर्च जवळजवळ नाही, म्हणून ती सर्वांत आधी मान्य होते आणि पुढच्या मागण्यांसाठी वाट मोकळी होते.

पुढच्या मागण्या आकड्यांत मांडाव्यात. आपत्तीकाळात शाळेत पिण्यासाठी आणि हात धुण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे दिवसाला किमान 3 लिटर पाणी धरावे, असे आपत्तीतील मदतकार्यासाठीची ‘स्फिअर’ ही आंतरराष्ट्रीय मानके सांगतात. म्हणजे 300 मुलांच्या शाळेला दिवसाला 900 लिटर आणि तीन दिवसांना 2,700 लिटर पाणी लागेल. स्वच्छतागृहांचे पाणी यात धरलेले नाही. टँकरवाल्याला ‘गरज पडली तर मदत करा’ असे म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगावा आणि नेहमीचा रस्ता बंद झाला तर टँकर कोणत्या वाटेने येईल, हेही त्याच्याकडूनच समजून घ्यावे, कारण त्या भागातील रस्ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसतात. कंत्राटदाराकडे पैशांऐवजी एका दिवसाचे कारागीर मागावेत आणि वर्गांतील कपाटे, लिहायचे फळे आणि पंखे भिंतीला किंवा छताला पक्के बसवून घ्यावेत. ज्याच्याकडे मोठा बंदिस्त हॉल आहे, त्याने तो तात्पुरत्या वर्गांसाठी किती दिवस देता येईल हे आधीच सांगावे, म्हणजे शाळेची इमारत निवाऱ्यासाठी घेतली गेली तरी शिक्षण थांबणार नाही.

बांधकाम व्यवसायाबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. 8 ऑक्टोबर 2005 रोजी काश्मीरमध्ये झालेला भूकंप सकाळी शाळा भरलेल्या असताना आला आणि कोसळलेल्या शाळांखाली हजारो मुले दगावली. सिमेंट, सळई आणि देखरेख यांत केलेली काटकसर कोणत्याही देणगीने भरून निघत नाही. म्हणून या व्यवसायातील मंडळींना भेटताना शाळेसाठी काही द्या असे सांगण्याआधी, शाळेचे बांधकाम किंवा दुरुस्ती त्रयस्थ अभियंत्याकडून तपासून घेण्यास त्यांची तयारी आहे का, हे विचारावे. उत्तर टाळणाऱ्याच्या नावाची पाटी शाळेच्या भिंतीवर लावण्याची घाई करू नये.

काही गोष्टी नाकाराव्या लागतात आणि त्या व्यवसायाशी करायच्या लेखी करारातच लिहिलेल्या बऱ्या. आपत्तीनंतर दुधाची पावडर आणि बाटल्या यांचे दान हमखास येते. दूषित पाण्यात कालवलेल्या पावडरीने तान्ह्या मुलांना जीवघेणे अतिसार होतात आणि आयांचे अंगावर पाजणेही त्यामुळे सुटते. म्हणून आईच्या दुधाच्या पर्यायांचे दान घेऊ नये, अशीच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे आणि खरोखर गरज असलेल्या बाळांची सोय आरोग्य यंत्रणेमार्फत करायची असते. कंपनीचे स्वयंसेवक मुलांबरोबर एकटे राहणार नाहीत, मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय काढली जाणार नाहीत आणि कोणाही मुलाला फलकासमोर उभे करून पाकीट दिले जाणार नाही, हेही लिहून घ्यावे. आपत्तीनंतर घराचे उत्पन्न बुडाले की मुले कामाला लावली जातात, त्यामुळे आपले पुरवठादार त्या काळात मुलांना कामावर ठेवणार नाहीत, ही हमीसुद्धा मागावी. युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन आणि संयुक्त राष्ट्रांचा व्यवसायांसाठीचा ग्लोबल कॉम्पॅक्ट हा उपक्रम यांनी 2012 मध्ये मांडलेल्या बालहक्क व व्यवसायविषयक तत्त्वांत आणीबाणीतील मुलांच्या संरक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आहे. मोठ्या कंपन्यांशी बोलताना तो दाखवला तर या अटी त्यांना आगंतुक वाटत नाहीत.

सामंजस्य करार एका पानाचा असला तरी चालतो. मदत कोणी मागायची, ती सोडण्याचा अधिकार कोणाला, ती व्यक्ती नसेल तर दुसरी कोण, किल्ली कोठे, इंधनाचा खर्च कोणाचा आणि करार कधी संपतो, एवढी उत्तरे त्यात असावीत. साठा करायचा असेल तर तो दुकानदाराच्या नेहमीच्या मालातच ठेवावा, म्हणजे जुना माल विकला जाऊन नवा येत राहतो आणि मुदत संपलेली औषधे ऐन वेळी हाती येत नाहीत.

कागदावरचे किती खरे, हे रंगीत तालमीत कळते. 11 मार्च 2011 रोजी भूकंपानंतर त्सुनामी येत असताना जपानमधील कामाइशी येथे माध्यमिक शाळेच्या मुलांनी शेजारच्या प्राथमिक शाळेतील लहानग्यांचे हात धरून उंचावर धाव घेतली, आणि ठरलेली जागा अपुरी वाटताच ती आणखी वर गेली; त्सुनामीचा धोका दाखवणाऱ्या नकाशावर विसंबून न राहता समोरची परिस्थिती पाहून निर्णय घेण्याचे शिक्षण त्यांना आधीपासून मिळाले होते. म्हणून तालीम घेताना व्यवसायांनाही बघ्यांच्या खुर्च्या देऊ नयेत. फोन लागत नाही असे गृहीत धरून टँकर मागवावा, हॉल खरोखर उघडून पाहावा, आणि शेवटी मुलांनाच विचारावे की काय अडले. कुलपाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाच्या खिशात होती, असे उत्तर येणे अगदी शक्य आहे, आणि तालमीचा उपयोग त्याच्यासाठीच असतो.

व्यवस्थापक बदलतात, दुकाने हात बदलतात, मुले वरच्या वर्गात जातात. यासाठी दरवर्षी धोक्याचा हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी नकाशा नव्या मुलांकडून पुन्हा काढून घ्यावा, करारातील प्रत्येक दूरध्वनी क्रमांक प्रत्यक्ष लावून पाहावा आणि जेथे उत्तर येत नाही तेथे त्याच आठवड्यात स्वतः जाऊन यावे.