नेत्याच्या सज्ञान मुलांविषयी प्रश्न कसे विचारावेत

महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत असे एखादे तरी घराणे सापडते, ज्याची दुसरी किंवा तिसरी पिढी आमदारकी, साखर कारखाना, जिल्हा बँक आणि शिक्षण संस्था या चारही ठिकाणी एकाच वेळी वावरत असते. शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण हे पितापुत्र दोघेही मुख्यमंत्री झाले आणि २०२४ मध्ये त्याच घरातील तिसरी पिढी भोकरमधून विधानसभेत पोहोचली. घराणेशाहीवर टीका करणाऱ्या पक्षांच्याही उमेदवार याद्या आडनावे पाहत वाचाव्यात, चित्र फारसे निराळे दिसत नाही. या मुलांविषयी बोलले भरपूर जाते, पण ते बहुधा त्यांच्या गाड्या, लग्नाचे मांडव आणि परदेशातील छायाचित्रे यांच्याविषयी असते. त्यातून करमणूक होते, पण उत्तर कोणालाच द्यावे लागत नाही. ज्या मतदाराला, स्थानिक बातमीदाराला किंवा कारखान्याच्या सभासदाला खरोखर उत्तर हवे आहे, त्याने कोणता कागद कोठे पाहावा आणि कोठे थांबावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

प्रश्न नेमका कशाविषयी आहे, हे आधी ठरवावे

या बाबतीत साठ वर्षांपूर्वीचे एक प्रकरण आजही उपयोगी पडते. पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांचे मुलगे आणि नातेवाईक त्यांच्या पदाच्या बळावर व्यवसाय वाढवत आहेत, अशा आरोपांच्या चौकशीसाठी १९६३ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश एस. आर. दास यांचा आयोग नेमला गेला आणि १९६४ मध्ये अहवाल आल्यावर कैरों यांनी राजीनामा दिला. सज्ञान मुलाने व्यवसाय करू नये असे वडील कायद्याने वा नीतीनेही बजावू शकत नाहीत, हे आयोगाने मान्य केले. मात्र मुख्यमंत्री असलेल्या वडिलांच्या वजनाचाच व्यवसाय करू देता येणार नाही, असेही स्पष्ट केले. ही रेषा पाठ करून ठेवण्यासारखी आहे. मुलगा श्रीमंत कसा झाला, हा पहिला प्रश्न नव्हे. कोणता सरकारी निर्णय त्याच्यासाठी वळवला गेला, हा पहिला प्रश्न आहे. म्हणून शोधाची दिशा उलटी ठेवावी लागते: मुलापासून निघून सरकारी कार्यालयाकडे जाण्याऐवजी निर्णयापासून निघून घराकडे जावे.

महाराष्ट्रातील दोन जुनी प्रकरणे याच वाटेने गेली. शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, ते मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत त्यांच्या मुलीच्या गुणांत झालेल्या फेरफाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांमुळे. तेथे तपासला गेलेला कागद म्हणजे परीक्षेतील गुण. मनोहर जोशी यांच्या काळात पुण्यात प्राथमिक शाळेसाठी राखून ठेवलेल्या भूखंडावर त्यांच्या जावयाशी संबंधित बांधकामाला परवानगी मिळाली. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तेथे तपासला गेला तो नगररचनेच्या फाइलीचा प्रवास. दोन्ही ठिकाणी मुलीच्या किंवा जावयाच्या राहणीमानाविषयी एक शब्दही न बोलता प्रकरण तडीस जाऊ शकले. येथे मुद्दाम निकाल लागलेली उदाहरणे घेतली आहेत, कारण तपास सुरू असलेल्या प्रकरणावरून रीत शिकायला गेले की रीत बाजूला राहते आणि पक्षाचीच बाजू घेतली जाते.

शपथपत्र वाचताना

उमेदवार अर्जासोबत जे शपथपत्र देतो, त्याला नमुना २६ म्हणतात. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते आणि असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था जुन्या निवडणुकांची शपथपत्रेही ‘मायनेता’ या संकेतस्थळावर एकत्र ठेवते. त्यात उमेदवार, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती यांची मालमत्ता, देणी, उत्पन्नाचे स्रोत आणि मागील पाच वर्षांची आयकर विवरणपत्रांतील उत्पन्ने द्यावी लागतात. मात्र ‘अवलंबून’ याचा अर्थ ज्याला स्वतंत्र उत्पन्न नाही आणि ज्याचा निर्वाह उमेदवारावर आहे असा माणूस. पंचविशीतल्या मुलाच्या नावाने एखादी कंपनी निघाली आणि त्याचे स्वतःचे विवरणपत्र भरले जाऊ लागले की तो वडिलांच्या शपथपत्रातून कायदेशीरपणे नाहीसा होतो. सरकारी कंत्राटांची माहिती देण्याच्या रकान्यालाही हाच नियम लागू असल्यामुळे मुलाचे कंत्राट तेथे दिसत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने मंत्र्यांसाठी घातलेली आचारसंहिता कुटुंबीयांनी सरकारला माल वा सेवा पुरवण्याच्या धंद्यात पडू नये असे सांगते, पण तिच्या व्याख्येतही कुटुंब म्हणजे जोडीदार, अज्ञान मुले आणि पूर्णपणे अवलंबून असलेले नातेवाईक. ज्या वयात मुलगा वडिलांच्या नावाचा खरा उपयोग करू शकतो, नेमक्या त्याच वयात कायदा त्याच्याकडे पाहणे थांबवतो. ही त्रुटी दुरुस्त करण्याची घाई कोणत्याही पक्षाला झालेली दिसत नाही.

तरीही शपथपत्रातून बरेच हाती लागते, फक्त ते एकटे वाचू नये. एकाच नेत्याची लागोपाठची तीन-चार शपथपत्रे शेजारी ठेवावीत आणि मुलाचा रकाना कोणत्या वर्षी बंद झाला हे टिपावे. त्यानंतर दिलेल्या व्यक्तिगत कर्जांचा आणि आगाऊ रकमांचा भाग पाहावा, कारण सज्ञान मुलाला किंवा त्याच्या कंपनीला दिलेले पैसे तेथे नावानिशी येतात. मुलगा पुढे स्वतः उभा राहिला की त्याच्या देण्यांच्या बाजूला तीच रक्कम दिसायला हवी. दोन कागदांतील आकडे जुळत नसतील तर विचारण्यासारखा प्रश्न तयार झाला. नातेवाइकांमधील उसनवारी स्वतःहून संशयास्पद नसते, हेही ध्यानात ठेवावे. २०२४ मध्ये बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या आणि सुळे यांच्या शपथपत्रात सुनेत्रा पवार व पार्थ पवार यांच्याकडून घेतलेली कर्जे नोंदवलेली होती. घरातील राजकीय फूट आणि घरातील हिशेब वेगवेगळ्या गतीने चालतात, एवढेच त्यावरून कळते.

घराण्यातील पहिले शपथपत्र विशेष काळजीने वाचावे. बाळासाहेब ठाकरे कधीच निवडणुकीला उभे राहिले नाहीत आणि २०१९ मध्ये आदित्य ठाकरे वरळीतून उभे राहीपर्यंत ‘मातोश्री’वरील कोणाचेही असे शपथपत्र मतदारासमोर आलेले नव्हते. पद न घेता सत्ता चालवणाऱ्या घराविषयी मतदाराला कागदावर काय कळते, याचे उत्तर फार तोकडे आहे.

घराबाहेरचे कागद

शपथपत्रातून मुलगा बाहेर गेला तरी इतर नोंदींतून जात नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची प्राथमिक माहिती विनाशुल्क आणि दाखल केलेली कागदपत्रे थोडे शुल्क भरून पाहता येतात. संचालकाचा ओळख क्रमांक मिळाला की तो आणखी कोणत्या कंपन्यांत आहे हे कळते. हा क्रमांक नावापेक्षा महत्त्वाचा मानावा. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असल्यामुळे ओळख पटल्यासारखी वाटते खरी, पण एकाच तालुक्यात संजय शंकर पाटील किती असतील याचा नेम नाही. नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे धरून केलेला आरोप एखाद्या निरपराध किराणा दुकानदाराच्या दारात जाऊन पडतो.

जमिनीसाठी सातबारा आणि फेरफार पाहावेत. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून मिळणाऱ्या इंडेक्स टूमध्ये, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्यात, खरेदीची किंमत, बाजारमूल्य आणि भरलेले मुद्रांक शुल्क शेजारी शेजारी असते. मात्र जमिनीच्या प्रकरणात किमतीपेक्षा तारीख अधिक बोलते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ नुसार जमिनीवरील आरक्षण बदलायचे असेल तर सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, त्यामुळे बदलाचा प्रस्ताव केव्हा निघाला हे शोधता येते. म्हणून एक तक्ता करावा: कंपनी स्थापन झाल्याची तारीख, जमीन घेतल्याची तारीख, प्रस्ताव निघाल्याची, मंजुरीची आणि वडिलांकडे संबंधित खाते आल्याची व गेल्याची. तारखांचा क्रम सरळ असेल तर आरोप तेथेच सोडून द्यावा. प्रस्ताव निघण्याच्या थोडेसे आधी जमीन घेतलेली असेल, तर फाइलीवरील टिप्पण्या मागाव्यात.

त्या टिप्पण्या माहितीच्या अधिकारात मिळतात. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये शुल्क आहे आणि राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आतला असावा लागतो. अर्जात मुलाचे नाव शक्यतो लिहूच नये. अमुक निविदेची, अमुक भूखंडाच्या मंजुरीची पूर्ण फाइल टिप्पण्यांसह मागावी. मुलाची माहिती मागितली की अधिकारी कलम ८(१)(ञ) दाखवून वैयक्तिक माहिती म्हणून नकार देतो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्या कलमातील सार्वजनिक हिताचा अपवाद काढून टाकल्यामुळे त्याचे काम आता आणखी सोपे झाले आहे. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताची तरतूद मात्र शिल्लक आहे. पहिल्या अपिलात तिचाच आधार घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, आणि त्याच्या निर्णयानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

सहकाराकडे बातमीदार कंटाळून पाहतात, पण महाराष्ट्रातील घराण्यांची मुळे तेथेच आहेत आणि गंमत अशी की सहकार कायदा या बाबतीत निवडणूक कायद्याच्या पुढे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७५ नुसार वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे संचालकांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि त्यांचा संबंध असलेल्या संस्था, भागीदाऱ्या व कंपन्यांना दिलेल्या कर्जांचा तपशील थकबाकीसह ठेवावा लागतो. येथे मुलगा कमावता आहे म्हणून सुटत नाही. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि अहवाल सभासदाला मिळायला हवा. साखर कारखान्याच्या अहवालात ऊसतोडणी-वाहतूक, बारदान, यंत्रसामग्री आणि साखर विक्री यांची कंत्राटे कोणाकडे आहेत, हे प्रश्न सभासदाने सभेआधी लेखी द्यावेत. सभेत तोंडी विचारलेला प्रश्न ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात वाहून जातो, हे कोणत्याही सभासदाला सांगायला नको. संस्था स्वतः माहिती अधिकाराच्या कक्षेत नसली तरी निबंधकांकडे किंवा साखर आयुक्तांकडे असलेला तिचा कागद त्या कार्यालयाकडून मागता येतो. शिक्षण संस्थेचे विश्वस्त कोण आणि केव्हा बदलले, हे धर्मादाय आयुक्तांकडील चेंज रिपोर्टमधून कळते.

काय सोडून द्यावे

ज्या मुलाने निवडणूक लढवली नाही, सरकारी लाभ घेतला नाही, वडिलांच्या खात्याशी व्यवहार केला नाही आणि पक्षाचे पदही घेतले नाही, त्याचे लग्न, आजारपण, घटस्फोट, मैत्री आणि मद्यपान यांच्याशी आपला संबंध नाही. त्याच्या मुलांची छायाचित्रे तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. मुलींच्या बाबतीत हा नियम अधिक कसोशीने पाळावा लागतो, कारण राजकीय घरातील मुलाला पैशाविषयी विचारले जाते आणि मुलीला चारित्र्याविषयी, आणि हे करणारे स्वतःला निर्भीड समजतात. शिक्षणाविषयीचा प्रश्न सरकारी जागा किंवा सरकारी पैसा असेल तेव्हाच योग्य ठरतो. २०१७ मध्ये राज्याच्या सामाजिक न्याय मंत्र्यांच्या मुलीची त्याच खात्याच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी निवड झाली, टीका झाली आणि तिने ती सोडली. तेथे मुलीची गुणवत्ता हा मुद्दाच नव्हता. देणारे खाते आणि घेणारे घर एकच होते, एवढे म्हणणे पुरेसे होते.

मुलगा पक्षाच्या युवा आघाडीचा अध्यक्ष असेल, मंत्र्यांच्या बैठकीत बसत असेल, अधिकाऱ्यांना फोन करत असेल, तर मात्र तो खासगी व्यक्ती राहत नाही. बैठकीचे इतिवृत्त आणि उपस्थितांची यादी मागावी.

लिहून झाल्यावर, प्रसिद्ध करण्यापूर्वी

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी आजही फौजदारी गुन्हा आहे, आणि त्यातील अपवादानुसार विधान नुसते खरे असून भागत नाही. ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे असावे लागते. म्हणून प्रत्येक वाक्य तीन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसते ते समासात लिहावे: कागदावर आहे, कोणी तरी आरोप केला आहे, किंवा आपला निष्कर्ष आहे. तिसऱ्या प्रकारातील वाक्ये शक्य तितकी प्रश्नरूपात ठेवावीत आणि ‘त्याच्या नावे’, ‘त्याची भागीदारी असलेल्या कंपनीच्या नावे’ व ‘नातेवाइकाच्या नावे’ यांत फरक राखावा. गुन्हा नोंद होणे, आरोपपत्र, आरोपनिश्चिती आणि शिक्षा या चार निरनिराळ्या पायऱ्या आहेत. त्यांपैकी नेमकी कोणती, हे तारखेसह लिहावे.

शेवटी प्रश्न लेखी पाठवावेत, वडिलांना वेगळे आणि मुलाला वेगळे. वडिलांना विचारायचे ते निर्णयाविषयी: हितसंबंध आहे हे त्यांनी फाइलीवर नोंदवले का, निर्णयातून बाजूला झाले का. मुलाला विचारायचे ते व्यवहाराविषयी. उत्तरासाठी वाजवी मुदत द्यावी, आलेले उत्तर मूळ शब्दांत छापावे आणि उत्तर आले नाही तर प्रश्न कोणत्या तारखेला व कोणत्या पत्त्यावर पाठवले होते ते द्यावे. वडिलांनी ‘माझा मुलगा सज्ञान आहे, त्यालाच विचारा’ असे म्हटले, तर तेही उत्तर म्हणून नोंदवावे आणि फाइलीवरील स्वाक्षरी कोणाची आहे, एवढाच प्रश्न त्यांना पुन्हा पाठवावा.