कुत्र्याच्या पिल्लाला जंताचं औषध देताना या चुका टाळा

‘आमचं पिल्लू अजून घराबाहेर पडलेलं नाही, त्याला जंत कुठून होणार?’ या समजुतीपायी पहिले महत्त्वाचे आठवडे हातचे जातात. गोल जंत पिल्लाला बहुतेक वेळा आईच्या पोटातच लागतात. कुत्रीच्या शरीरात निपचित पडलेल्या अळ्या ती गाभण असताना जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांत उतरतात. जन्मानंतर दुधातूनही जातात. म्हणून पहिला डोस दुसऱ्या आठवड्यात, मग आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत दरमहा द्यायचा. आईलाही पिल्लांबरोबरच.

एक डोस दिला, शीतून लांब पांढरे जंत पडले, की काम झालं असं वाटतं. औषध लागू पडलं हे खरं, पण ते मुख्यतः आतड्यातले जंत मारतं. यकृत-फुप्फुसांतून फिरणाऱ्या अळ्या वाचतात, नंतर आतड्यात येऊन मोठ्या होतात. पुढचा डोस त्यांच्यासाठी असतो. तो चुकवू नका.

डोस अंदाजाने देऊ नका. पिल्लू भराभर वाढतं, त्यामुळे दर वेळी वजन करा. गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन तर मुळीच वापरू नका; पिल्लाच्या मानाने ते फार तीव्र असतं, आणि कोली जातीच्या कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतं.

शेपटीखाली भाताच्या शितांएवढे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे चपटे जंत (टेपवर्म). त्यांवर गोल जंतांचं नेहमीचं औषध, नुसतं पायरँटेल, चालत नाही; प्राझिक्वांटेल हे औषध लागतं. शिवाय हे जंत पिसवा गिळल्याने होतात. पिसवा राहिल्या तर जंतही परत येणार.

सर्वांत घातक अंकुशकृमी (हुकवर्म). ते आतड्याला चिकटून रक्त पितात. हिरड्या पांढुरक्या, शी काळी चिकट, पिल्लू मलूल दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लहान पिल्लू एक-दोन दिवसांत दगावू शकतं. लसणाचा घरगुती उपाय इथे उलटा पडतो, कारण लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतो.

आणि शी रोजच्या रोज उचला. गोल जंतांची अंडी ताज्या शीत लागण करत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे मुरल्यावर करतात, आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. त्याच मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात ती गेली, तर अळ्या डोळ्यापर्यंतही पोहोचू शकतात.